शेजारच्या पायालगत खणताय? आधी आधार द्या!

चिखलीच्या दाट वस्तीत तळघर काढायचं म्हणजे बहुतेकदा शेजारच्या जुन्या भिंतीला खेटूनच खणावं लागतं. आपली काळी माती उन्हाळ्यात इतकी कडक असते की खड्ड्याची कड सरळ उभी राहते. तीच फसवते! मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे ही माती सुकताना आकसते आणि खोल भेगाळते. पावसाचं पाणी त्या भेगांत शिरलं की ती फुगते, मऊ पडते आणि कड शेजारच्या पायासकट खचू शकते. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत हा धोका असतोच.

आयएस ३७६४ या भारतीय मानकानुसार १.५ मीटरहून खोल चराला आधार हवा. शेजारी इमारत असेल तर सलग खणू नका. एकाआड एक तुकडा खणून तिथली भिंत आधी पूर्ण करा. उपसलेली माती काठावर टाकू नका.

मुंबईत मेट्रो-३ ची बरीच भुयारी स्थानकं जुन्या इमारतींजवळ आधी आधार देऊनच झाली: आधी जमिनीत काँक्रीट पाइल्सची भिंत, मग टप्प्याटप्प्याने खोदाई आणि आडवे स्ट्रट (टेकू). शेजारच्या इमारतींचं खचणं, कलणं सतत मोजलं जायचं.

तळघराचा नकाशा करून घेताना स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधाराचाही आराखडा मागून घ्या, आणि खोदाई पावसाळ्याआधी उरका.