शेवाळ आणि आम्लधर्मी जमीन : शाळेच्या बागेतील एक वस्तुपाठ

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पुष्कळ शाळांच्या आवारात लहानशी परसबाग असते. जून महिन्यात मुले उत्साहाने वाफे तयार करतात, बी पेरतात. आणि श्रावण सरतो न सरतो तोच वाफ्यांवर भाजीऐवजी शेवाळाचा हिरवा थर दिसू लागतो. रोपे पिवळी पडतात, खुंटतात. शेवाळाने भाजी मारली असा समज होतो. शेवाळ खरवडले जाते, वर चुना टाकला जातो, आणि पुढील वर्षी तोच प्रकार पुन्हा घडतो. दोन-तीन वर्षांत ‘आपली मातीच वाईट’ हे मुलांच्या मनावर ठसते. शेतकऱ्याच्या मुलाने शाळेतून असा धडा घेऊन घरी जाणे, ही भाजी न मिळण्याहून मोठी हानी होय.

शेवाळाचे स्वरूप

व्यवहारात ‘शेवाळ’ हा शब्द दोन निरनिराळ्या वनस्पतींना लावला जातो. विहिरीच्या पाण्यात वाढणारे बुळबुळीत शैवल निराळे, आणि भिंतीवर वा मातीवर मखमलीसारखी पसरणारी हरिता निराळी. बागेत दिसते ती बहुधा हरिता. तिला फूल नसते, बी नसते. धुळीसारख्या सूक्ष्म बीजाणूंपासून ती वाढते. तिला खरी मुळेही नसतात. केसासारख्या तंतूंनी ती मातीला धरून राहते आणि पाणी मुख्यतः आपल्या सर्व अंगाने शोषून घेते. यावरून ध्यानात येईल की, ती भाजीच्या मुळांशी झुंजत नाही. पीक विरळ झाल्यामुळे मोकळी पडलेली ओली जागा ती व्यापते. शेवाळ हे रोगाचे कारण नसून लक्षण आहे.

हे लक्षण चार गोष्टींचे असू शकते : दाट सावली, साचलेले पाणी, तुडवून घट्ट झालेली माती, आणि निकस वा आम्लधर्मी जमीन. शेवाळ दिसले म्हणजे जमीन आम्लच असली पाहिजे, हा समज बरोबर नाही. चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या भिंतीवरही पावसाळ्यात शेवाळ चढते. चुना तर आम्लाच्या अगदी विरुद्ध गुणाचा. तेव्हा केवळ शेवाळ पाहून चुना टाकणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

कोकणची माती आम्ल का?

कोकणात वर्षाला सामान्यतः अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी मातीतून झिरपताना चुना, मॅग्नेशियम, पालाश यांसारखी विरघळणारी द्रव्ये खाली वाहून नेते. मागे राहतात ती मुख्यतः लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे. जांभ्याचा तांबूस रंग हा त्या लोहाचाच.

मातीची आम्लता ‘सामू’ या मापाने सांगतात. सामू 7 म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. या मापाची प्रत्येक पायरी दहापटीची असते. म्हणजे 6 सामूच्या मानाने 5 सामूची आम्लता दहापट असते. जांभ्याच्या जमिनींचा सामू पुष्कळदा 5 ते 6.5 या दरम्यान आढळतो. तो सुमारे 5.5 च्या खाली गेल्यास मातीतील ॲल्युमिनियम विरघळून कोवळ्या मुळांची टोके दुखावतो, स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळेनासा होतो, आणि कडधान्यांच्या मुळांवर गाठी बनविणारे जिवाणू दुबळे पडतात.

प्रथम परीक्षा, मग उपाय

वाफ्यांच्या क्षेत्रात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावी. प्रत्येक ठिकाणी पालापाचोळा दूर करून सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा व त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यावी. सर्व माती एकत्र कालवून पसरावी, चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे. अर्धा किलो उरेपर्यंत हे करीत राहावे. ती सावलीत वाळवून माती परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावी. नुकताच चुना, राख वा खत टाकलेल्या जागेचा नमुना घेऊ नये. 2015 साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या योजनेमुळे अनेक पालकांच्या घरी अशी पत्रिका असेल. ती वर्गात वाचून घ्यावी.

उपायांचा क्रम असा असावा. वाफे हातभर रुंदीच्या वाटा सोडून जमिनीपासून वीतभर उंच करावे, म्हणजे पाणी निथळेल व मुलांचे पाय वाफ्यात पडणार नाहीत. सावली करणाऱ्या फांद्या छाटाव्या. कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे. एवढ्यानेच पुष्कळ ठिकाणी शेवाळ हटते.

सामू कमी असल्याचे परीक्षणात ठरले तरच चुनखडीची बारीक भुकटी वापरावी. प्रमाण प्रयोगशाळा सांगेल तेच धरावे. हेक्टरी दोन टन अशी शिफारस असल्यास ते दर चौरस मीटरला 200 ग्रॅम होते. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. पाऊस ओसरल्यावर, माती ओलसर असताना भुकटी मिसळावी आणि दोन-तीन आठवड्यांनी खत घालून लागवड करावी. चुना व ताजे शेणखत एकत्र घातल्यास खतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. जादा चुनाही अपायकारक असतो. त्याने लोह व जस्त पिकाला मिळेनासे होते.

कळीचा चुना मुलांच्या हाती कदापि देऊ नये. पाणी लागताच तो तापतो. त्वचा भाजते आणि डोळ्यात गेल्यास दृष्टीला धोका पोहोचतो. मैदान आखण्याची फक्कीही बागेत टाकू नये, कारण तिच्यात नेमके काय आहे हे ठाऊक नसते. फरशीवरील व पायऱ्यांवरील शेवाळ मात्र तत्काळ ब्रशाने घासून काढावे; तेथे प्रश्न पिकाचा नसून मुलांच्या हातापायांचा असतो.

मातीला साजेसे पीक

सर्व जमीन बदलण्याचा अट्टाहास नको. चवळी, रताळी, अननस ही पिके बरीच आम्लता सोसतात. पालक व कोबी सोसत नाहीत. काजू आणि कोकम याच जांभ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. खाचरात पाणी साठले की आम्ल मातीचा सामू काही आठवड्यांत उदासीनतेकडे सरकतो, हे भाताच्या यशाचे एक कारण आहे.

वर्गासाठी दोन प्रयोग

एक : उन्हाळ्यात भिंतीवरील वाळलेल्या शेवाळाचा तुकडा पाण्यात ठेवावा. थोड्याच वेळात तो बहुधा हिरवा होऊन उलगडतो. खरवडलेले शेवाळ पुन्हा का येते, हे मुलांना न सांगता कळेल.

दोन : तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क काढून एका भागात लिंबाचा रस व दुसऱ्यात चुन्याची निवळी घालावी. पहिला गुलाबी-लाल होतो, दुसरा हिरवट. चुन्याच्या निवळीचे काम शिक्षकाने स्वतः करावे.

दोन वाफे शेजारी ठेवून एकात उपाय करावे, दुसऱ्यात करू नयेत, आणि दर आठवड्याला रोपांची उंची वहीत नोंदवावी. ही वही तीन वर्षे चालली, तर माती वाईट नसते, ती ओळखावी लागते, हे गाव त्या वहीतूनच वाचील.