यूपीएस आहे, म्हणून नोंदी सुरक्षित?

सर्व्हरने ‘व्यवहार पूर्ण’ असं कळवलं, की वीज गेली तरी ती नोंद टिकलीच पाहिजे. डेटाबेसवरचा सगळा भरवसा याच्यावर उभा आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस त्यासाठी प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ या रोजकीर्दीत लिहितो आणि ‘एफसिंक’ करून तो डिस्कवर पोचल्याची खात्री मागतो. वीज परतल्यावर तीच रोजकीर्द वाचून डेटाबेस सावरतो. अडचण खात्री देणाऱ्याची आहे. काही एसएसडी डिस्क मजकूर तात्पुरत्या मेमरीत असतानाच ‘लिहिलं’ म्हणून मोकळ्या होतात. नेमकी तेव्हा वीज गेली, तर पैसे मिळाल्याची पावती ग्राहकाच्या हातात राहते आणि नोंद मात्र कुठेच नसते.

यूपीएस आहे की, असं कुणी म्हणेल. तो हवाच, पण सर्व्हरच्या आतला पॉवर सप्लाय जळाला तर बाहेरची बॅटरी काय करणार? म्हणून सर्व्हरसाठीच्या चांगल्या एसएसडींमध्ये कपॅसिटर बसवलेले असतात. वीज तुटताच त्यांतल्या साठ्यावर मेमरीतला मजकूर फ्लॅशवर उतरतो. अशा एसएसडी महाग पडतात, हे खरं. पण वेगासाठी एफसिंकच बंद करणं हा काटकसरीचा मार्ग नव्हे. त्याने डेटाबेस दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतो. खरेदीआधी चाचणीच्या यंत्रावर नोंदी चालू असताना प्लग ओढून पाहावा आणि मग प्रत्येक पावती नोंदीशी ताडून घ्यावी.