फाइलीला विचारावयाचे प्रश्न



मी शिकवीत होतों त्या शाळेंत महिन्याच्या अखेरीस कचेरींतून वर्गावर एक यादी येत असे. ज्यांची फी राहिली आहे अशा मुलांची ती यादी. वर्गशिक्षकानें नांवें वाचावयाचीं आणि त्या त्या मुलानें उभें राहावयाचें, अशी त्या वेळची रीत होती. एके दिवशीं अशीच यादी मीं वाचली. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आईनें गेल्या आठवड्यांतच पैसे भरले." मीं म्हटलें, "यादी संगणकानें काढली आहे. तो चुकत नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. मधल्या सुटींत तिनें कंपासपेटींतून घडी केलेली पावती काढून माझ्या टेबलावर ठेवली. पावती खरी होती. तारीख, रक्कम, शिक्का, सारें जागच्या जागीं होतें. पैसे जमा झाले होते, पावती छापली गेली होती. फक्त फाइलींत नोंद झाली नव्हती.

ज्या तरुणानें शाळेला तो प्रोग्राम लिहून दिला होता, त्याच्या शेजारीं मी त्या संध्याकाळीं बसलों. जें आढळलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे. यंत्रानें आकडेमोडींत चूक केली नव्हती. प्रोग्रामनें एक प्रश्न विचारावयाचा तो विचारला नव्हता, इतकेंच. फाइलीची स्थिति जाणून घेण्याचे असे जे प्रश्न असतात, त्यांविषयीं हें भाषण आहे.

शाळेचें तें दप्तर फॉक्सप्रो ह्या भाषेंत ठेवलेलें होतें. तिचें कुळ थोडक्यांत सांगतों. कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ह्या संस्थेंत काम करणारे वेन रॅटलिफ यांनीं १९८० च्या आधींच्या वर्षांत माहिती सांभाळण्याचा एक प्रोग्राम रचला व त्यास व्हल्कन हें नांव दिलें. पुढें ॲश्टन-टेट कंपनीनें तोच डीबेस टू ह्या नांवानें विकावयास आणला. त्याच घराण्यांत अमेरिकेच्या ओहायो राज्यांतील फॉक्स सॉफ्टवेअरनें फॉक्सप्रो तयार केला, आणि १९९२ सालीं ती कंपनी मायक्रोसॉफ्टकडे गेली. २००४ सालची नववी आवृत्ति ही त्याची शेवटची ठरली. आपल्याकडेहि १९९० नंतरच्या दशकांत अनेक कचेऱ्यांचीं व दुकानांचीं दप्तरें ह्याच भाषेंत होतीं. भाषा मागें पडली तरी तिच्या फाइलीचा साचा अद्याप जिवंत आहे. नकाशे साठविण्याच्या शेपफाइल नांवाच्या प्रकारांत प्रत्येक स्थळाची माहिती डीबेसच्याच साच्यांत ठेवितात.

अशी फाइल म्हणजे रकाने आंखलेली वही समजावी. एकेका विद्यार्थ्याची एकेक आडवी ओळ. तिला नोंद म्हणूं. वहीच्या आरंभीं मथळा असतो. फाइल शेवटीं कोणत्या तारखेस बदलली, नोंदी किती आहेत, एकेक नोंद किती अक्षरांची आहे आणि रकान्यांचीं नांवें व रुंदी काय, हें त्यांत लिहिलेलें असतें. प्रत्येक नोंदीच्या आधीं एका अक्षराची जागा राखून ठेविलेली असते. तिचें काम पुढें येईल. शिवाय यंत्राचें एक बोट ह्या वहीवर सदैव ठेविलेलें असतें असें धरून चाला. बोट ज्या नोंदीवर असेल तीच नोंद वाचली वा लिहिली जाते. तें बोट कोठें आहे हें पडद्यावर दिसतेंच असें नाहीं. म्हणून विचारावें लागतें. विचारण्याचीं हीं जीं साधनें भाषेंत दिलेलीं आहेत त्यांस फंक्शन म्हणतात. त्यांचें उत्तर बहुधा 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच असतें.

पहिला प्रश्न वहीच्या अस्तित्वाचा. 'फाइल' ह्या फंक्शनला नांव सांगितलें कीं त्या नांवाची फाइल तबकडीवर आहे कीं नाहीं, तें कळतें. ती उघडलेली आहे का, धड आहे का, आपल्याच उपयोगाची आहे का, ह्यांपैकीं कशाचीहि हमी तें उत्तर देत नाहीं. कपाटांत वही आहे एवढेंच तें सांगतें. वही मेजावर घेतली आहे का, हें विचारावयाचें तर 'यूज्ड' हें दुसरें फंक्शन आहे. त्याचें उत्तर 'नाहीं' आलें, तर त्याचा अर्थ आपण ती उघडलेली नाहीं एवढाच. शेजारच्या खोलींतील कारकुनानें आपल्या यंत्रावर ती उघडली नसेल, असा नव्हे. ह्या दोहोंच्या जोडीस 'एलअपडेट' आहे. तें मथळ्यांतील शेवटच्या बदलाची तारीख वाचून दाखवितें. काल नोंदी केल्या अशी आपली समजूत असावी आणि तारीख मात्र मागल्या महिन्याची निघावी, तर आपण भलतीच प्रत उघडली आहे असें ओळखावें.

दुसरा प्रश्न बोटाच्या जागेचा. 'ईओएफ' हें फंक्शन फाइल संपली का तें सांगतें, आणि 'बीओएफ' बोट पहिल्या नोंदीच्याहि मागें सरकविण्याचा यत्न झाला का तें सांगतें. येथें नवशिके हटकून फसतात. बोट शेवटच्या नोंदीवर असतां 'ईओएफ'चें उत्तर 'नाहीं' असेंच येतें, कारण ती नोंद अद्याप वाचावयाची आहे. आणखी एक पाऊल पुढें टाकलें म्हणजे बोट कोऱ्या जागीं जातें, आणि तेव्हां कोठें उत्तर 'होय' होतें. पन्नास नोंदींच्या फाइलींत ह्या कोऱ्या जागेचा क्रमांक एकावन्न समजला जातो. त्याच्याहि पुढें जाऊं पाहिल्यास यंत्र तक्रार करून थांबतें. ह्यासाठींच सारी फाइल वाचतांना 'संपली नाहीं तोंवर वाच आणि एक पाऊल पुढें जा' अशी आज्ञा लिहितात, व प्रश्न वाचण्याच्या आधीं ठेवितात, मागाहून नव्हे. फाइल अगदींच रिकामी असेल तर आरंभ आणि शेवट ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकदमच 'होय' येतें. प्रश्न आधीं असेल तर रिकाम्या फाइलीनेंहि गोंधळ होत नाहीं.

तिसरा प्रश्न, जो आमच्या शाळेंत राहून गेला. 'सीक' ही आज्ञा दिली म्हणजे यंत्र अनुक्रमणिकेच्या साहाय्यानें हवी ती नोंद शोधतें. ती मिळाली कीं नाहीं, हें मात्र तें आपण होऊन ओरडून सांगत नाहीं. 'फाउंड' ह्या फंक्शनला विचारावें लागतें. नोंद न मिळाल्यास बोट मुकाट्यानें फाइलीच्या शेवटीं, त्या कोऱ्या जागीं जाऊन बसतें. तेथें असतांना 'ह्या रकान्यांत रक्कम लिही' अशी आज्ञा दिली तर यंत्र कांहींच लिहीत नाहीं, आणि कांहीं लिहिलें नाहीं असेंहि सांगत नाहीं.

त्या मुलीचा जनरल रजिस्टरचा क्रमांक फाइलींत शून्य-चार-एक-सात असा चार अक्षरांनीं लिहिलेला होता. फी घेणाऱ्या कारकुनानें, आपण सारेच करूं तसें, ४१७ एवढेंच टंकिलें. माणसाच्या लेखीं दोन्ही एकच. परंतु तो रकाना संख्येचा नसून अक्षरांचा असल्यानें यंत्राच्या लेखीं ते निराळे. शोध फसला, बोट शेवटीं गेलें, रक्कम कोठेंच लिहिली गेली नाहीं, आणि प्रोग्राम शांतपणें पुढें जाऊन पावती छापून मोकळा झाला.

ह्याहून वाईटहि घडूं शकलें असतें. फॉक्सप्रोचा मूळचा शिरस्ता असा कीं, शोधावयाचें शब्दरूप नोंदीच्या आरंभाशीं जुळलें तरी तें 'सांपडलें' असेंच समजावें. शाळेंत ४१७० क्रमांकाचा विद्यार्थी असता तर ४१७ म्हणतांच तो सांपडला असता, 'फाउंड'नें 'होय' म्हटलें असतें, आणि एका मुलीच्या आईचे पैसे दुसऱ्याच मुलाच्या नांवें जमा झाले असते. म्हणून पूर्ण जुळणी हवी असेल तर 'सेट एक्झॅक्ट ऑन' अशी आज्ञा आधीं द्यावी लागते. प्रश्न विचारणें पुरेसें नाहीं. आपण नेमकें काय विचारीत आहोंत हेंहि ठाऊक पाहिजे.

चवथा प्रश्न मोजदादीचा. 'रेककाउंट' हें फंक्शन फाइलींत नोंदी किती तें सांगतें. पण तें मथळ्यांतील आंकडा सांगतें, आणि त्या आंकड्यांत खोडलेल्या नोंदीहि धरलेल्या असतात. ह्या भाषेंत नोंद खोडणें म्हणजे ती पुसून टाकणें नव्हे. नोंदीच्या आधीं राखलेली जी एक जागा मघां सांगितली, तींत फुली म्हणून एक तारकाचिन्ह मांडलें जातें. नोंद जेथल्या तेथें राहते. 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ती कायमची जाते. बोट जीवर आहे ती नोंद खोडलेली आहे का, हें 'डिलिटेड' ह्या फंक्शनला विचारतां येतें. वर्गांत बावन्न नांवें असून तीन मुलें दाखला घेऊन गेलीं असतील, तर 'रेककाउंट' बावन्नच सांगेल. त्या आंकड्यावर विसंबून प्रश्नपत्रिका छापल्या तर तीन उरतील, ती हानि लहान. परंतु त्याच आंकड्यानें कोणाच्या मदतीची रक्कम वांटावयाची असेल तर प्रत्येकाच्या वांट्यास कमी येईल. हयात नोंदी मोजावयाच्या तर खोडलेल्या नोंदी वगळावयास सांगून 'काउंट' ह्या आज्ञेनें त्या एकेक मोजून घ्याव्या.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें सर्वांत विचार करण्याजोगा मुद्दा. प्रश्नाचें उत्तर जेव्हां मिळालें तेव्हांपुरतेंच खरें असतें. एस. टी.च्या गाडींत जागा रिकामी आहे का, असें खिडकींतून विचारावें, 'आहे' असें उत्तर यावें, आणि आपण दारापर्यंत वळसा घालून पोंचेतों तेथें दुसरा कोणी बसलेला असावा, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. म्हणून जाणता प्रवासी विचारीत बसत नाहीं. तो रुमाल टाकतो. रुमाल पडला तर जागा आपली, न पडला तर नाहीं. विचारणें आणि धरणें हीं एकाच कृतींत होतात.

एकाच फाइलीवर दोन यंत्रांवरून काम चालतें तेव्हां नेमकी हीच अडचण येते. एक कारकून विचारतो, नोंद मोकळी आहे का. उत्तर येतें, आहे. आणि तो लिहूं लागण्यापूर्वीं दुसरा तेथें लिहून जातो. ह्यावर तोड म्हणून 'आरलॉक' आणि 'एफलॉक' हीं फंक्शनें दिलेलीं आहेत. पहिलें एका नोंदीसाठीं, दुसरें सबंध फाइलीसाठीं. हीं नुसतें विचारीत नाहींत. कुलूप लावण्याचा यत्न करतात, आणि लागलें तर 'होय' व न लागलें तर 'नाहीं' असें सांगतात. 'होय' आल्यास दुसरे ती नोंद वाचूं शकतात, बदलूं शकत नाहींत. काम झालें कीं 'अनलॉक' म्हणून कुलूप काढावें, नाहीं तर दुसरे ताटकळत राहतात.

ही गोष्ट एका फॉक्सप्रोपुरती नाहीं. आज मुलें पायथन नांवाची भाषा शिकतात. तींतहि फाइल आहे का असें विचारणारें फंक्शन आहे, आणि त्या उत्तरावर विसंबून पुढच्या ओळींत फाइल उघडणारे प्रोग्राम पुष्कळ लिहिले जातात. पण त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणांत फाइल दुसऱ्या कोणी काढून टाकली असूं शकते. म्हणून सरळ उघडूं पाहावें, आणि उघडली नाहीं तर काय करावयाचें तें आधींच लिहून ठेवावें, हा मार्ग अधिक सुरक्षित.

आमच्या शाळेच्या प्रोग्राममध्यें त्या संध्याकाळीं तीन-चार ओळींची भर पडली. क्रमांक चार अक्षरांचा करून घ्यावा. 'सीक' नंतर 'फाउंड'ला विचारावें. 'होय' आल्यास रक्कम लिहावी आणि मगच पावती छापावी. 'नाहीं' आल्यास थांबून पडद्यावर तसें स्पष्ट सांगावें. त्याच वेळीं जुन्या पावत्या फाइलीशीं ताडून पाहिल्या, तेव्हां आणखी चार मुलांचे पैसे असेच नोंदीवांचून राहिलेले आढळले. त्यांपैकीं दोघें यादी वाचली तेव्हां गप्प उभीं राहिलीं होतीं. त्यांनीं पावती जपून ठेविली नव्हती, म्हणून तीं कांहीं बोललीं नव्हतीं.

दुसऱ्या दिवशीं हजेरीनंतर मीं वर्गासमोर त्या मुलीची क्षमा मागितली, आणि त्या दोघांचीहि. चूक प्रोग्रामची होती हें खरें. परंतु तिच्याजवळ पावती आहे का, हें तिला विचारणें माझ्या हातीं होतें, आणि तें मीं विचारलें नव्हतें. त्या दिवसापासून मीं ती यादी वर्गांत वाचणें बंद केलें. ज्याचें नांव तींत असे त्यास मधल्या सुटींत बोलावून मी आधीं पावतीविषयीं विचारीत असें.

आपल्या घरांतील मुलें आज हीं यंत्रें आपल्याहून सराईतपणें चालवितात. त्यांतलें कोणी प्रोग्राम लिहीत असेल तर त्यास एकच पुसावें: शोधलेलें सांपडलें नाहीं, तर तुझा प्रोग्राम काय करतो? त्याचें उत्तर त्याच्यापाशीं तयार असलें म्हणजे तें काम कोणाच्याहि हातीं द्यावयास हरकत नाहीं.