जहाजावरचा रेडिओ आणि आपला 'सिलोन'

ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात रॉक संगीताच्या बंडखोर पिढीला हक्काचे व्यासपीठ मिळाले ते समुद्रात नांगरलेल्या जहाजांवर. प्रसारणाची मक्तेदारी बीबीसीकडे होती. मात्र वादकांच्या संघटना व ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे तिला तबकड्या मोजकेच तास वाजवता येत. मार्च १९६४मध्ये 'रेडिओ कॅरोलाइन'ने सागरी हद्दीबाहेरून दिवसभर गाणी ऐकवण्यास सुरुवात केली. ऑगस्ट १९६७मध्ये कायद्याने अशा केंद्रांवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात बीबीसीने 'रेडिओ वन' सुरू केले आणि जहाजांवरचेच अनेक निवेदक त्यात दाखल झाले.

सोलापूरच्या जुन्या श्रोत्यांना ही कथा ओळखीची वाटेल. १९५२मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. श्रोते लघुलहरींवरील रेडिओ सिलोनकडे वळले. हे केंद्र चोरटे नव्हे, शेजारी देशाचे अधिकृत होते. त्यामुळे ते बंद करणे दिल्लीच्या हाती नव्हते. अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोहून प्रक्षेपित होई. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली.

चित्रपटगीते रॉकसारखी बंडखोर नव्हती. तरीही दोन्हीकडे श्रोत्यांनी आवड बदलली नाही, रेडिओचा काटा तेवढा सरकवला. आणि सरकारी माध्यमाला त्यांच्यामागे जावे लागले.