औंढ्याहून कल्याणच्या खाडीपर्यंत

मराठवाड्यातलं पाणी पूर्वेला जातं. माल आणि माणसं पश्चिमेला. औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणातून सुटलेली पूर्णा खाली गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागरात उतरते. त्याच तालुक्यातला बारावी, आयटीआय झालेला पोरगा मात्र रात्रीची ट्रॅव्हल्स धरून चाकण, वाकड नाहीतर कल्याण गाठतो. शेजारच्या वसमतची हळदही परदेशी जायची असली की न्हावा-शेव्याचा रस्ता धरते. औंढ्याहून अरबी समुद्र पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. पण या भागाचं पोट गेली दोन हजार वर्षं त्याच दिशेला बांधलेलं आहे.

औंढा डोंगरांच्या कुशीत आहे. गाव ओळखलं जातं ते नागनाथाच्या देवळामुळे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून इथं महाशिवरात्रीला आणि श्रावणात मोठी गर्दी होते. देऊळ जवळून पाहिलं तर दोन काळ एकमेकांवर रचलेले दिसतात. खालचा भाग यादवकाळातल्या काळ्या दगडाचा, हत्ती आणि देवदेवतांच्या कोरीव रांगांनी भरलेला. वरचा भाग नंतरच्या काळातला, विटा-चुन्याचा. गाभारा जमिनीखाली आहे. अंग चोरून, वाकून, अरुंद पायऱ्यांनी उतरावं लागतं आणि उंच माणसाला आत डोकं सांभाळावं लागतं. नंदी देवासमोर नाही, मागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे पाठवलं तेव्हा देवानं देऊळच त्यांच्याकडे फिरवलं, अशी त्याची कथा सांगतात. नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले तेही इथंच, असं परंपरा मानते.

इथून निघून जवळा बाजारावरून खाली उतरलं की वसमत-परभणी रस्ता लागतो. हाच राष्ट्रीय महामार्ग ६१. जुना क्रमांक २२२. ट्रकवाले आणि वर्तमानपत्रं त्याला ‘कल्याण-विशाखापट्टणम’ म्हणतात. दोन समुद्र जोडणारं नाव ऐकायला भारी आहे. प्रत्यक्षात ६१ हा क्रमांक तेलंगणातच संपतो.

वसमत म्हणजे हळद. दिवाळीच्या दिवसांत ती शेतात हिरवीगार, कंबरेएवढी उभी असते. संक्रांतीनंतर पानं वाळली की काढणी सुरू होते. ओले कंद कुकरमध्ये वाफेवर शिजवायचे, मग अंगणात, खळ्यावर, नाहीतर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर पंधरा-वीस दिवस वाळवायचे आणि फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश करायचे. तोवर मातकट दिसणारी कांडी त्या ड्रममधून पिवळीधमक होऊन बाहेर येते आणि पॉलिश करणाऱ्याच्या पापण्यांवरही तीच भुकटी बसलेली असते. हिंगोलीच्या हळद बाजाराला नाव संत नामदेवांचं आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण भाव बांधावर ठरत नाही. सांगली आणि मुंबईकडची मागणी काय आहे यावर तो हलतो. म्हणून इथल्या शेतकऱ्याला हा रस्ता प्रवासाच्या आधी हिशेबाचा वाटतो.

परभणी, मानवत, पाथरी हा टप्पा काळ्या जमिनीचा. कापूस, सोयाबीन, मधूनच ऊस. पाथरी मागे पडली की ढालेगावला गोदावरी ओलांडायची आणि माजलगाववरून गढीला धुळे-सोलापूर महामार्ग छेदायचा. पुढे खरवंडी, पाथर्डी. नकाशावर पाहिलं तर समुद्र जवळ येतोय, पण गाडी मात्र चढत असते. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर आहे, अहिल्यानगर साडेसहाशेच्या आसपास. पाथर्डी सोडल्यावर करंजी घाटात हा चढ अंगाला कळतो. दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं असल्यामुळे इथं समुद्राकडे जाणारा माणूस आधी चढतो आणि मग एकदम खाली येतो.

या पट्ट्यातली खरी वाहतूक बघायची तर दसरा-दिवाळीच्या मधले दिवस गाठावेत. गेवराई, माजलगाव, शिरूर कासार, पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड मजूर निघतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, शेळ्या, चुलीचं सामान आणि वर लेकरं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. आपण दिवाळी अंक उघडतो तेव्हा ही माणसं सांगली, कोल्हापूर, पुण्याकडच्या कारखान्यांच्या फडात पोचलेली असतात. महामार्गाच्या कौतुकाच्या कुठल्याही लेखात ही वाहतूक मोजली जात नाही. ती मोजायला हवी.

अहिल्यानगरच्या पुढे रस्ता मोकळा आणि थोडा कंटाळवाणा. टाकळी ढोकेश्वरला मात्र थांबावं. गावाजवळच्या टेकडीत शंकराचं लेणं आहे, त्यात सप्तमातृका आहेत, आणि गर्दी जवळजवळ नसते. आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता छेदला की ओतूर. इथं तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानतात. मग पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, हरिश्चंद्रगडाची भिंत, आणि हवा बदलते. नगरकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. माळशेजच्या माथ्यावर तेवढा पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडून जातो.

माळशेज घाट लांबीला फार नाही, पण सातशे मीटरच्या आसपासची उंची तो थोडक्यात उतरवतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे छोटासा बोगदा. पावसाळ्यात दरड कोसळते आणि रस्ता बंद पडतो. त्यात धबधब्याखाली भिजायला आलेल्यांच्या गाड्या वळणावरच उभ्या. अवजड ट्रकवाल्याला या घाटात पावसापेक्षा त्यांचीच धास्ती जास्त.

घाट उतरल्यावर मुरबाडच्या अलीकडे वैशाखरे लागतं. बहुतेक गाड्या इथून सुसाट जातात. पण डाव्या हाताला डोंगरात जी खिंड दिसते तो नाणेघाट, म्हणजे या रस्त्याचा पूर्वज. पैठण ही सातवाहनांची राजधानी; तिथून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट आणि खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, असा तो मार्ग होता. खिंडीच्या तोंडाशी मोठी गुहा आहे. तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे: यज्ञ किती केले, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी किती दान दिली, याची आकड्यांसकट यादी. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांमध्ये हे अंक धरतात. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही इथं होते. आता वर नावं आणि खाली जेमतेम पावलं उरली आहेत. बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. यादवांच्या देवळाआधी हजारएक वर्षं ही वाट वाहती होती, एवढं मात्र खरं.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही दोन्ही बाजारगावं येतात. तिथला माल गाड्यांनी, रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला न्यावा लागतो, असं तो लेखक सांगतो. कल्याणच्या बंदराला तेव्हा अटकाव होता; तिकडे चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. थोडक्यात, राजकारणामुळे मराठवाड्याच्या मालाला जवळचं बंदर सोडून लांबचं धरावं लागणं, हे दुखणं नवं नाही.

पुढेही तेच झालं. निजामाच्या राज्याला किनारा नव्हता. १९४७ च्या सुमारास निजामानं पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळवण्याच्या हालचाली केल्या, त्या फसल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला तर राज्यच गेलं. मागे उरली ती १९०० च्या सुमारास टाकलेली मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज. मुंबईला जाणारा माल मनमाडला उतरवून पुन्हा ब्रॉडगेजवर चढवायचा, हे हमाली-खर्चाचं त्रांगडं कित्येक दशकं चाललं. माळशेजमधून रेल्वेची मागणी अजून मागणीच आहे.

आता हिंगोलीकडची घाईची माणसं जिंतूर-मंठामार्गे जालन्याला समृद्धी महामार्ग धरतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला शेवटच्या इगतपुरी-आमणे टप्प्यासह पूर्ण झाला. कसाऱ्याचा घाट पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात संपतो. वेळ वाचतो, हे मान्य. पण सह्याद्री उतरल्याचं कळतच नाही, आणि मधल्या पाथरी-माजलगाव-पाथर्डीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तिसरी रेघ अजून कागदावर आहे: वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर या शक्तिपीठांसोबत औंढा आणि परळी ही ज्योतिर्लिंगंही तो जोडणार, असं सरकार सांगतं. नागपूर-गोवा अठरा तासांचं अंतर आठ तासांवर येईल, हाही दावा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं भूसंपादन व नियोजनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. कोल्हापूर, सांगलीपासून परभणी, हिंगोली, नांदेडपर्यंत शेतकऱ्यांनी विरोध केला. निजामाला जे गोव्याचं बंदर साधलं नाही, त्या दिशेला मराठवाडा आता नागनाथाचं नाव घेऊन निघणार, असा हा योग आहे. याच औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांना जमिनीतले बारीकसारीक कंपही चालत नाहीत. समुद्रापासूनचं लांब असणं औंढ्याला कधी नव्हे ते इथं पथ्यावर पडलं.

माझं मत विचाराल तर बागायती जमीन कापून आणखी एक वेगवान रस्ता काढण्याआधी ६१ नंबरकडे बघावं. माळशेजच्या दरडींचा कायमचा बंदोबस्त, गढी-माजलगावसारख्या टप्प्यांवर मजुरांच्या गाड्यांसाठी थांबे आणि दिवे, परभणी-वसमतच्या बाजारांना सोयीची मालवाहतूक; एवढं झालं तरी हळदवाल्याचा आणि कोयतेवाल्याचा बराच त्रास कमी होईल.

मुंबई-ठाण्याकडून औंढ्याला दर्शनाला येणार असाल तर एकदा तरी एका फेरीला समृद्धी टाळा आणि दिवसाउजेडी माळशेजने या. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला दोन-तीन तास लागतात. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. ज्यांना चढण झेपणार नाही, त्यांच्यासाठी जुन्नरकडून घाटमाथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे.