मातीवरची मोटारसायकल : कोणाला कोणती?

२८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात मोटारसायकलींची एक आगळी शर्यत झाली. 'इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग' या स्पर्धामालिकेची ती पहिली फेरी होती. मैदानात मातीचे उंचवटे रचलेले आणि त्यांवरून गाड्या हवेत झेपावत होत्या. तेथे ४५० आणि २५० सीसीच्या गटांबरोबर कनिष्ठ स्पर्धकांसाठी ८५ सीसीचाही एक गट होता. हा आकडा वाचून पुष्कळांची अशी समजूत होते, की ही नवशिक्या मुलांची गाडी असावी. आपल्या रस्त्यांवर १०० आणि १२५ सीसीच्या गाड्या सर्रास धावतात, मग ८५ ती काय! ही समजूत कितपत खरी, ते पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहू.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. दट्ट्या खालून वर जाताना सिलिंडरमधील जेवढे आकारमान व्यापतो, त्याचे हे माप. गाडीची बैठक किती उंच आहे, वजन किती आहे, यांविषयी ते काहीच सांगत नाही. मातीवरच्या गाड्यांची, म्हणजे 'डर्ट बाइक'ची, तीन उदाहरणे घेऊ. होंडाच्या ११० सीसीच्या छोट्या गाडीची बैठक जमिनीपासून सुमारे ६६ सेंटिमीटर असते व वजन सुमारे ७७ किलो. कावासाकीच्या ८५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीचे वजन जवळजवळ तेवढेच, पण बैठक सुमारे ८४ सेंटिमीटर. आपल्याकडे रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर चालणारी हिरोची २०० सीसीची एक्सपल्स घेतली, तर बैठक सुमारे ८२.५ सेंटिमीटर आणि वजन १६० किलोच्या घरात. म्हणजे तिघींत सर्वांत लहान आकडा जिचा, तिचीच बैठक सर्वांत उंच!

आता १५० सेंटिमीटर उंचीचा, ४५ किलो वजनाचा विद्यार्थी घ्या. त्याच्या पायांची आतील बाजूने लांबी बूट धरून ७२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. ११० च्या गाडीवर त्याचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. उरलेल्या दोघींवर मात्र कंबर एका अंगाला सरकवून कसाबसा एका पायाचा चवडा लागेल. आणि हा हिशेब सपाट जमिनीचा झाला. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील एखादी पाणंद डोळ्यांसमोर आणा. वाट एका अंगाला १० अंशांनी उतरती असेल, तर चाकापासून ३० सेंटिमीटर अंतरावरची जमीन ५ सेंटिमीटरांहून अधिक खाली जाते. बैलगाडीच्या चाकोरीत पाय पडला तर विचारायलाच नको. पावसाळ्यात आपली काळी माती कशी निसरते, हे शेताकडे राहणाऱ्यांना सांगायला नको.

पण पाय टेकण्याला एवढे महत्त्व का? वेगात असताना मोटारसायकल तोल राखते, तिला पायाची गरज नसते. नवशिका पडतो तो बहुधा थांबताना, निघताना आणि अगदी हळू वळताना. त्या वेळी गाडी थोडी कलली, की तिचा गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेबाहेर जातो आणि वजन तिला आणखी पाडू लागते. या पाडणाऱ्या परिणामाला परिबल म्हणतात. गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि कलण्याच्या कोनाची ज्या (साइन) यांचा गुणाकार केला, की परिबल मिळते.

१६० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर आहे असे मानू. गाडी १० अंश कलली, तर परिबल सुमारे १५० न्यूटन-मीटर होते. हँडल १ मीटर उंचीवर धरले, तर तिला सावरायला साधारण १५ किलोग्रॅम-भाराचे बल लागेल. कल २० अंशांवर गेला, की तेच बल ३० किलोग्रॅम-भार होते. ११० च्या गाडीचा गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर व हँडल ८५ सेंटिमीटरवर धरले, तर हेच आकडे अनुक्रमे ७ व १४ येतात. गाडी पुरती आडवी झाली, म्हणजे ७० अंश कलली, तर उचलायच्या पहिल्या क्षणी मोठ्या गाडीला ८० किलोग्रॅम-भाराहून अधिक बल लागते. आपल्या ४५ किलोच्या मित्राला ते झेपणार कसे? लहान गाडीला सुमारे ३८ पुरते. ढोबळ हिशेब आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

पूर्वी मोठ्या माणसाच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून मुले सायकल शिकत. ते दृश्य हास्यास्पद वाटे, पण त्यात मोठे शास्त्र होते. मुलाचे अंग खाली राही, पाय पटकन जमिनीला लागे, आणि सायकल जेमतेम २० किलोची.

८५ च्या गाडीचे वजन कमी आहे, तेव्हा उंची सोसून घ्यावी, असे कोणी म्हणेल. येथे इंजिन आडवे येते. ते दोन-स्ट्रोकचे असून त्याची शक्ती ११० च्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या सुमारे तिप्पट आहे. शिवाय ती शक्ती सुरुवातीला मंद राहून फेरे वाढताच एकदम उसळते. तरबेज स्पर्धकाला तेच हवे असते. नवख्याच्या हातून गाडी निसटते. ११० च्या गाडीत क्लचची दांडीही नसते. १९७२ साली बाजारात आलेल्या कायनेटिकच्या लुनाप्रमाणे अपकेंद्री बलावर चालणारा क्लच आपोआप जुळतो. गिअर मात्र पायाने बदलावे लागतात.

स्प्रिंगचीही एक गोम आहे. शर्यतीच्या मोठ्या गाडीत मागचे चाक सुमारे ३० सेंटिमीटर वरखाली होऊ शकते, आणि योग्य वजनाचा चालक बसला की स्प्रिंग त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी दबते. हलका चालक बसला तर ती कमी दबते. परिणामी ज्याचे पाय आखूड, त्यालाच बैठक अधिक उंच मिळते! बैठकीतील फोम कापून दोन-तीन सेंटिमीटर उतरवता येतात, पण त्याने गाडीचा गुरुत्वमध्य काही खाली येत नाही.

आपल्याकडे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची रीत आहे. सदऱ्याची बाही दुमडता येते. मोटारसायकल दुमडता येत नाही. पालकांनी हे लक्षात घेतलेले बरे. कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरची मोटारसायकल सार्वजनिक रस्त्यावर चालवायला १८ वर्षे पुरी लागतात. निव्वळ शर्यतीच्या गाड्यांची तर नोंदणीच होत नाही, त्यामुळे त्या बंदिस्त मैदानातच, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हेल्मेट व उंच बूट घालून चालवायच्या असतात.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात साध्या सायकलीवर करून दाखवता येईल. सायकलीच्या नळीला ओळंबा व कोनमापक बांधा. सायकल १० अंश कलती करा आणि हँडलला ताणकाटा अडकवून ती त्याच स्थितीत धरायला किती बल लागते ते नोंदवा. मग १० किलो ज्वारीचे गाठोडे कॅरिअरवर, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर उंचीवर, बांधून पुन्हा वाचन घ्या. शेवटी तेच गाठोडे पेडलच्या उंचीवर, ३० सेंटिमीटरवर, बांधा. हँडल १ मीटर उंच असेल, तर पहिल्या वेळी काटा सुमारे १.२ किलोने वाढेल, दुसऱ्या वेळी अवघ्या अर्ध्या किलोने. ज्वारी तेवढीच, सायकल तीच.