विकणे आहे : चालत नाही

‘उत्तम कंडिशन, एकहाती वापर’ अशा छोट्या जाहिराती आपण आयुष्यभर वाचत आलो. २०२३ साली मला याच्या अगदी उलट मजकूर लिहायची वेळ आली. गाडी चालत नाही. टायर बसलेले. इंजिन जाम. हूड उंदरांनी खाल्लेलं. आणि तरी विकायची आहे!

गाडी म्हणजे बाबांची एम.जी. टी.सी. मॉडेल १९४८चं. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. दोन माणसांची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची उघडी गाडी. काटेकोर बोलायचं तर ही ‘व्हिंटेज’ नव्हेच. इंग्रज मंडळी तो शब्द १९३०पर्यंतच्या गाड्यांना लावतात. पण आपल्याकडे २०२१ सालच्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरवली आहे, तेव्हा आम्हीही व्हिंटेजवाले.

बाबांनी ती १९६२ साली मुंबईहून आणली. कारखान्यातल्या फोरमनने स्पोर्ट्‌स कार घ्यावी हे आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही. १९८४ साली ती बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, ‘पुढच्या दिवाळीत इंजिन उतरवू’ या बोलीवर. बाबा २००९ साली गेले. आता बंगला पुनर्विकासाला दिला होता आणि शेड रिकामी करायला चार महिने होते.

पहिला धडा एका जुन्या मेकॅनिकने दिला. ‘साहेब, धुऊ नका. धूळसुद्धा राहू द्या.’ मी तर रंगवून घ्यायच्या विचारात होतो! त्याचं म्हणणं, जाणकार गिऱ्हाईक नव्या रंगाला घाबरतं. खाली काय दडवलंय, असं त्याला वाटतं. इंजिनावर जोर लावायलाही त्याने मनाई केली. प्लग काढून भोकांतून डिझेल सोडलं आणि पंधरा दिवस तसंच ठेवलं. मग हँडल हलकेच फिरवलं, तर इंजिन चार बोटं हललं. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

या १२५० सी.सी.च्या इंजिनाची एक गंमत सांगतो. नटबोल्टची डोकी इंग्रजी मापाची आणि आटे मेट्रिक. इंजिन बनवणारा कारखाना पूर्वी एका फ्रेंच कंपनीचा होता, त्या यंत्रांवरचे आटे तसेच चालू राहिले. बाबांनी पानं एका सुती पिशवीत वेगळी ठेवली होती आणि पिशवीवर शाईने लिहिलं होतं : ‘फक्त एम.जी.’

गिऱ्हाइकं आली. भंगारवाल्याने वजनाचा भाव सांगितला. एका हॉटेलवाल्याला ती स्वागतकक्षात ठेवायची होती, इंजिन काढून. तिसऱ्याने सगळ्यांत मोठा आकडा बोलला, पण गाडीकडे नीट बघितलंच नाही. आर.सी. बुक उलटसुलट पाहिलं, चेसीवर ठोकलेला नंबर मोबाइलवर टिपला. जुन्या नंबराला आता मोल आलंय. आधी नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो, आणि आमचा ‘बी.एम.’ने सुरू होणारा मुंबई राज्याच्या वेळचा. ती कागदपत्रं तो भलत्याच सांगाड्याला चिकटवणार, हे मला मेकॅनिकने सांगितलं. दादा फोनवर म्हणाला, ‘आपल्याला काय करायचंय? पैसे रोख देतोय ना?’ दोन रात्री मी त्या आकड्यावर झोपलो नाही, हे कबूल करतो.

मग कोल्हापूरचा एक गॅरेजवाला आला. चाळिशीचा, बायकोला घेऊन. गाडीखाली पोतं अंथरून तासभर पडून राहिला. बाहेर आला आणि दाराच्या खांबावर अंगठा दाबला. अंगठा सरळ आत गेला.

या गाडीच्या पत्र्याखाली सांगाडा लाकडाचा असतो, अ‍ॅश नावाच्या इंग्रजी झाडाचा. आमच्या शेडमधल्या वाळवीने तो मन लावून खाल्ला होता. मला ते ठाऊक होतं. जाहिरातीत मी ‘लाकडाचं किरकोळ काम’ असं लिहिलं होतं. तो काही बोलला नाही, नुसता अंगठ्याचा भुगा पुसत राहिला. मलाच कान गरम झाल्यासारखं वाटलं. मग मी त्याला सगळं दाखवलं : डावीकडचा सडलेला पाट, बाबांनी बसवलेला फियाटचा डायनमो, पेट्रोलच्या टाकीची गळती. आकडा उतरला. चांगलाच उतरला. दादाला कळवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तुझ्या हिश्श्यातून काप.’ (पुढे त्याने तसं केलं नाही.)

‘सागवानात करणार का?’ मी विचारलं. ‘आपल्याकडे बरेच जण करतात,’ तो म्हणाला, ‘पण वजन वाढतंय. अ‍ॅशच मिळवतो. वेळ लागंल, पण करतो.’

एकच अडचण राहिली, आईची. चौऱ्याऐंशी वर्षांची आई काठी टेकत शेडपाशी आली आणि म्हणाली, ‘गाडी न्या, ते घड्याळ मला काढून द्या.’

टी.सी.त चालवणाऱ्यासमोर इंजिनाच्या फेऱ्यांचं घड्याळ असतं. वेगाचं घड्याळ मात्र शेजारी बसणाऱ्यासमोर. म्हणजे बाबा गाडी हाकत आणि पसरणीच्या घाटात वेग किती, ते आईला ओरडून सांगावं लागे. आम्ही भाऊ मागच्या सामानाच्या फळीवर कोंबलेले. ‘चाळीस झाले हो!’ हे वाक्य माझ्या लहानपणाचा भाग आहे.

गॅरेजवाला अडखळला. घड्याळाशिवाय गाडी अपुरी, आणि तसलं दुसरं मिळवणं सोपं नाही. पण तो म्हणाला, ‘आजी, तुमचं आहे, काढून देतो.’ आणि खरंच स्क्रू-ड्रायव्हर आणायला वळला.

आईने त्याच्या बायकोकडे पाहिलं. ‘शेजारी तूच बसणार ना?’

‘होय आजी.’

‘मग राहू दे. एक ध्यानात ठेव. काटा तिसावर असला, तर चाळीस सांगायचं. त्यांना बघता येत नाही.’

मी आईकडे बघतच राहिलो. बावीस वर्षं बाबा त्या घाटात चाळीसच्या वेगाने गेल्याच्या फुशारक्या मारत होते.

गाडी ट्रेलरवर चढली. माझं मात्र आर.टी.ओ.त जाणं आलं : आधी वारसाचा फॉर्म ३१ भरून गाडी माझ्या नावावर, मग विक्री. पानांची सुती पिशवी मी घरीच ठेवणार होतो. संध्याकाळी आईने ती कुरियरने कोल्हापूरला पाठवायला लावली.